बोअरचं जड पाणी आणि ‘घरभराचा फिल्टर’: घ्यावा का, आणि घेतला तर कसा

पुण्याजवळच्या वाघोलीच्या घरात राहायला आलो त्याच महिन्यात स्वयंपाकघरातून पहिली तक्रार आली. तूरडाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली टणक लागत होती. मग टॉवेल वाळल्यावर कडक व्हायला लागले, शॉवरची निम्मी भोकं बुजली आणि नळाच्या तोंडाशी पांढरं कवच धरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बोअरचं पाणी आहे हो, जड आहे.” शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणायचे, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारं.

आम्ही घाईघाईत एका विक्रेत्याकडून संपूर्ण घराला पुरेल असा फिल्टर बसवून घेतला. फायबरच्या दोन उंच टाक्या, एकीत वाळू, दुसरीत कोळसा. पाणी काचेसारखं दिसायला लागलं. पाच महिन्यांनी गिझर बंद पडला. मेकॅनिकने कॉइल बाहेर काढली तेव्हा तिच्यावर बोटभर जाडीचा थर होता. फिल्टरने पाणी गाळलं होतं, पण क्षार तसेच राहिले होते. दोष यंत्राचा नव्हता. आमच्या त्रासावरचं ते यंत्रच नव्हतं आणि विकणाऱ्याने ते सांगितलं नाही. नव्याने बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहायला आलेल्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी दोन यंत्रांतला फरक

चहा गाळला की पत्ती गाळणीत राहते, साखर राहत नाही. पाण्यातला जडपणा साखरेसारखा विरघळलेला असतो. तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांचा असतो. वाळूचा फिल्टर गढूळपणा आणि माती अडवतो. कोळशाचा म्हणजे कार्बनचा फिल्टर क्लोरिन, वास, काही सेंद्रिय घटक धरतो. जडपणाला दोन्ही हात लावत नाहीत.

त्यासाठी लागतो सॉफ्टनर. त्याच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात आणि त्यांवर सोडियम धरलेलं असतं. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं दाट पाणी त्यांतून सोडायचं. मग ते कॅल्शियम सोडून पुन्हा सोडियम धरतात, आणि सुटलेले क्षार गटारीत जातात. या धुण्याला सगळे ‘रिजनरेशन’ म्हणतात. एक लक्षात ठेवा, ही अदलाबदल आहे. पाण्यातले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, यात कमी होत नाहीत. म्हणून सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस मीटर बुडवून “काहीच फरक नाही” असं म्हणू नका, आणि विकणारा टीडीएस मीटर दाखवून “पाणी किती जड आहे बघा” म्हणाला तर त्यावरही विसंबू नका. ते मीटर जडपणा मोजतच नाही.

गंमत अशी, की अगदी सुरुवातीच्या सॉफ्टनरमध्ये रेझिनऐवजी झिओलाइट जातीची खनिजं वापरत, आणि आपल्या काळ्या खडकाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये ही खनिजं भरपूर सापडतात. वाघोलीच्या दगडखाणी तर कॅव्हान्साइट नावाच्या निळ्या खनिजासाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत, आणि त्याच खाणींत झिओलाइटही निघतात. पण ज्या काळ्या खडकाचा हा खजिना, त्याच खडकाच्या झिजेतून पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग या दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. वर काळ्या मातीत चुनखडीचे खडे. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकात मुरतं तितकं बहुधा जड होतं.

पहिली पायरी: पाणी कुठून येतं ते बघा

धरणातून येणारं पाणी म्हणजे बहुतांशी डोंगरावर पडलेला पाऊस. मुंबईला तानसा-वैतरणा-भातसाचं आणि पुण्याच्या जुन्या भागाला खडकवासल्याचं पाणी मिळतं. अशा घरात सॉफ्टनरची गरज नाही. कुणी आग्रह केला तरी घेऊ नका.

कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या भागातलं विहिरीचं पाणी सहसा मऊच असतं. तिथे बादलीला, फरशीला तांबडा डाग पडतो तो लोहाचा. त्याला लोह काढणारा फिल्टर लागतो, सॉफ्टनर नाही.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ही तिसरी गोष्ट. तिथल्या पाण्याचं मुख्य दुखणं खारटपणा, म्हणजे सोडियमचे क्षार. सॉफ्टनर त्यात आणखी सोडियमच घालणार. पिण्यासाठी आरओ आणि साठवलेलं पावसाचं पाणी, हाच तिथला मार्ग. तसंच चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. सॉफ्टनर फ्लोराइड काढत नाही, नायट्रेटही काढत नाही.

राहिले बेसॉल्टवरचे बोअर आणि टँकर. पुण्याच्या कडेची नवी वस्ती, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), सोलापूर, मराठवाडा. पुढचं सगळं मुख्यतः यांच्यासाठी आहे. टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी एक धरून चालावं, की आजचा टँकर आणि परवाचा टँकर वेगवेगळ्या विहिरींचा असू शकतो. एकदा तपासून भागत नाही.

दुसरी पायरी: पाणी तपासून घ्या, विकणाऱ्याकडून नव्हे

घरच्या घरी अंदाज घ्यायला दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत आरओचं किंवा पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्हींत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस. झाकण लावून हलवा. जड पाण्यात फेस कमी आणि वर पांढरट साय जास्त. एवढ्याने जडपणा आहे हे कळतं, किती आहे ते कळत नाही.

आकडा हवा तर थेंबांचं किट मिळतं. ठरलेल्या रेषेपर्यंत पाणी घ्यायचं, एक द्रव टाकला की ते लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. निळं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे किती जडपणा ते किटवर छापलेलं असतं. हे किट माझ्या मते सॉफ्टनरपेक्षाही आधी घ्यावं, कारण पुढे सॉफ्टनर नीट चालतोय की नाही हेही तेच सांगतं.

पण खरेदीचा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावर घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, खाजगीही आहेत. पंप दहा मिनिटं चालू ठेवून, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून नमुना घ्या. थेट बोअरचा एक आणि गच्चीच्या टाकीचा एक, असे दोन नेलेत तर उत्तम. अहवालात एवढं मागा: एकूण जडपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कधर्मीपणा (अल्कलिनिटी), टीडीएस, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड आणि सामू (पीएच). सोबत जंतूंची तपासणी करून घ्या. जमलं तर एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात, कारण एकाच बोअरचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं.

यातला अल्कधर्मीपणाचा आकडा लोक वाचतच नाहीत. तो जडपणाच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असेल तर तुमचा जडपणा ‘तात्पुरता’ आहे, म्हणजे तापवल्यावर तळाशी बसणारा. असं पाणी गिझर, बंब, चहाचं पातेलं यांच्यावर सगळ्यात जास्त थर धरतं.

तिसरी पायरी: आकड्याकडे बघून ठरवा

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं म्हटलंय. या चौकटीत माझा हिशोब असा:

२०० च्या आत असेल तर काही बसवू नका.

२०० ते ४०० मध्ये असेल तर संपूर्ण घराचा सॉफ्टनर मी घेणार नाही. या पट्ट्यात गिझरची वेळेवर सफाई आणि वॉशिंग मशीनची काळजी पुरते. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

४०० च्या पुढे, पाणी बारा महिने बोअरचंच आणि घर स्वतःचं असेल, तर सॉफ्टनरचा खर्च सार्थकी लागतो. आमचा आकडा ५२० होता. भाड्याच्या घरात मात्र एवढ्यालाही घेऊ नका. नळजोडणी बदलावी लागते आणि ती घरमालकाकडेच राहते.

‘सार्थकी लागतो’ म्हणजे कशात? गिझरचं आयुष्य, वीज, साबण-पावडर, नळ-शॉवर-फ्लश टाक्यांची दुरुस्ती, आणि घासाघाशीत जाणारी मेहनत. ही मेहनत घरातल्या ज्या माणसाच्या वाट्याला येते, त्या माणसाला विचारून निर्णय घ्या.

आरोग्यासाठी मात्र घेऊ नका. जड पाण्याने मुतखडा होतो हा आपल्याकडचा पक्का समज, पण त्याला भक्कम आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. इसबाबद्दलही तेच. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. निम्म्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवूनही इसबात जास्तीचा फरक पडला नाही. केस मऊ वाटतात हे खरं, केस गळायचे थांबतात याची हमी कुणी दिली तर ती विक्रीची भाषा समजा.

चौथी पायरी: घरातलं कुठलं पाणी मऊ हवं ते वेगळं काढा

सगळे पैसे इथे वाचतात किंवा इथेच बुडतात. ‘संपूर्ण घर’ या शब्दाला भुलू नका. मऊ पाणी लागतं जिथे उष्णता आणि साबण आहे तिथे: न्हाणीघर, गिझर, वॉशिंग मशीन, भांडी घासण्याची जागा.

संडासच्या फ्लशला ते वाया जातं. एका माणसाला दिवसाला धरलेल्या १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशचेच असतात.

बागेला तर अजिबात देऊ नका. सोडियमने काळी माती आवळते, पाणी मुरेनासं होतं, झाडं पिवळी पडतात. कॅल्शियमवालं जड पाणीच मातीला बरं.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी हा जास्त नाजूक भाग. १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. ५०० जडपणाचं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरला २३० मिलिग्रॅम. असं दोन लिटर पाणी प्यायलं की ४६० मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं, आणि दिवसभराची शिफारस केलेली मर्यादा २००० ची आहे. घरात रक्तदाबाचं किंवा किडनीचं माणूस असेल तर हा आकडा डॉक्टरांना दाखवा. ओट्यावरच्या पिण्याच्या नळाला थेट मऊ पाणी देऊ नका. मात्र आरओला मऊ पाणी द्यायला हरकत नाही. आरओ ते सोडियम बरंचसं काढतो आणि त्याचा पडदाही जास्त टिकतो. डाळही आरओच्याच पाण्यात शिजवा. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या घटकाला, घट्ट करतं म्हणून ती लवकर शिजत नाही. सोडा टाकण्यापेक्षा पाणी बदलणं चांगलं.

पाचवी पायरी: माप काढा

चार माणसांचं घर घेऊ. फ्लश वगळून माणशी ९० लिटर, म्हणजे दिवसाला ३६० लिटर. जडपणा ५०० असेल तर लिटरमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे रोज १८० ग्रॅम क्षार मण्यांना पकडायचे आहेत. एक लिटर रेझिन व्यवहारात साधारण ५० ग्रॅम धरतं. २५ लिटर रेझिनची टाकी १२५० ग्रॅम धरेल, म्हणजे जवळपास सात दिवस. आठवड्यातून एक रिजनरेशन, लिटरमागे १५० ग्रॅमच्या हिशोबाने दर वेळी पावणेचार किलो मीठ, महिन्याला पंधराएक किलो. फ्लशही याच लाइनवर ठेवलात तर टाकी पाच दिवसही पुरणार नाही आणि मीठ महिन्याला २४-२५ किलोवर जाईल. तुमचा आकडा घालून हा हिशोब स्वतः करा आणि मगच दुकानात जा.

दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, “यात रेझिन किती लिटर आहे?” टाकीच्या उंचीवरून किंवा ‘ताशी एवढे लिटर’ या आकड्यावरून तुलना होत नाही. दोन-तीन ठिकाणचे भाव घेऊन प्रत्येकाला रेझिनच्या लिटरने भागा, मग खरा भाव दिसतो. रेझिनचा लेखी तपशील, कोणत्या कंपनीचं आहे ते, आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल हे बिलावर लिहून घ्या.

अहवालात लोह जास्त दिसलं तर सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर घ्यावाच लागतो, नाहीतर मणी तांबडे होऊन निकामी होतात. बोअरमधून वाळू येत असेल तर आधी वाळूचा फिल्टर. आमच्या त्या पहिल्या फिल्टरमधली वाळूची टाकी अशी शेवटी कामाला आली.

सहावी पायरी: जागा आणि दाब

परदेशी माहितीपत्रकांमध्ये सॉफ्टनर रस्त्यावरून घरात येणाऱ्या नळावर असतो, तिथे दाब चांगला असतो. आपल्याकडे पाणी गच्चीच्या टाकीतून उतरतं. दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार दाब मिळतो, बहुतेक सॉफ्टनरना दीड-दोन बार तरी लागतो. गच्चीच्या खाली बसवला तर शॉवरला धार येणार नाही आणि रिजनरेशनच्या वेळी मीठही नीट ओढलं जाणार नाही. म्हणून तो खाली, पंप आणि गच्चीची टाकी यांच्या मधल्या चढत्या लाइनवर बसवा. गच्चीवर दोन टाक्या ठेवा, एक मऊ पाण्याची, एक साध्या पाण्याची. फ्लश, बाग, गाडी धुणं साध्या टाकीवर.

इथे दुसरी अडचण येते. बोअरचा पंप पाणी जोरात फेकतो, आणि मण्यांना वेळ मिळाला नाही तर जडपणा तसाच पुढे जातो. ताशी प्रवाह रेझिनच्या २० ते ४० पट असावा, म्हणजे २५ लिटरला ताशी ५०० ते १००० लिटर. आम्ही बोअरचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत घेतो आणि तिथून छोट्या पंपाने सॉफ्टनरमधून वर चढवतो.

बायपासचा व्हॉल्व्ह मागून घ्या, नादुरुस्तीच्या दिवशी पाणी अडत नाही. त्यानेच थोडं जड पाणी मऊ पाण्यात मिसळताही येतं. शून्य जडपणाचं पाणी अंगाला बुळबुळीत वाटतं, साबण गेलाच नाही असं होतं. ८०-१०० च्या आसपास ठेवलं की आंघोळ नेहमीसारखी वाटते आणि मीठही वाचतं.

रिजनरेशनचं खारट पाणी दर वेळी शे-दोनशे लिटर निघतं. ते कुठे जाणार हे आधी ठरवा. झाडांच्या आळ्यात नको, पुनर्भरणाच्या खड्ड्यात तर मुळीच नको. बोअर आपणच खारट करू.

सोसायटीत राहत असाल तर आपल्या फ्लॅटपुरता सॉफ्टनर घेण्याआधी पंपघरात जाऊन या. पुष्कळ ठिकाणी बिल्डरने बसवलेला सॉफ्टनर तिथे असतो आणि महिनोन्महिने त्यात मीठच पडलेलं नसतं. थेंबांच्या किटने आधीचं आणि नंतरचं पाणी मोजून आकडे सभेत ठेवा.

ज्याला हात जोडून नको म्हणायचं

काही विक्रेते घरी येऊन पाण्यात दोन सळया सोडतात, वीज लावतात, पाणी हिरवट-तपकिरी होतं, आणि “हे तुम्ही पिता” म्हणतात. तो रंग त्या लोखंडी सळईच्या विरघळण्याचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज कमी वाहते आणि ते स्वच्छ राहतं. ही हातचलाखी मी दोन घरांत म्हाताऱ्या माणसांना घाबरवताना पाहिली आहे, फार राग येतो.

पाइपवर बसवायची चुंबकं आणि विजेच्या तारा गुंडाळलेली ‘बिनमिठाची’ यंत्रं जडपणा कमी करत नाहीत. ती थर बसू देत नाहीत असा दावा असतो, पण खात्रीलायक पुरावा तोकडा आहे. त्यांच्यावर मी पैसे घालणार नाही.

घ्यायचा नाही असं ठरलं तर

गिझर ५०-५५ अंशांवर ठेवा. पाणी जितकं कडक तापतं तितका थर जास्त बसतो. वर्षातून एकदा उघडून कॉइल साफ करून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. शॉवर आणि नळाच्या जाळ्या लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवा. संगमरवरावर मात्र ते सांडू देऊ नका. कपड्यांना धुण्याचा सोडा थोडा घातला तर पावडर कमी लागते. आरओचं सांडपाणी मशीनला वापरू नका, ते मूळ पाण्याहून जड असतं. फरशी पुसायला ठीक.

पाऊस साठवता आला तर सर्वांत उत्तम. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर पुण्याच्या ७०० मिलिमीटर पावसात, गळती-सांड वगळून, पन्नासएक हजार लिटर पाणी पडतं. ते जवळपास बिनजडपणाचं असतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, गाळून टाकीत घ्या. निम्मं पावसाचं आणि निम्मं बोअरचं मिसळलं की जडपणा निम्म्यावर येतो. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये सॉफ्टनर बायपासवर टाकतो.

चालू झाल्यावर

मीठ बिनआयोडिनचं, स्वच्छ, मोठ्या खड्यांचं किंवा वड्यांचं घ्या. मळकं खडेमीठ स्वस्त पडतं, पण खाली चिखल साचून मीठ ओढणारी नळी बुजते. मिठाच्या टाकीत वर कडक पापुद्रा धरला तर काठीने फोडा. रिजनरेशनच्या आदल्या दिवशी आणि नंतर, दोन्ही वेळा किटने जडपणा मोजून वहीत लिहा. आदल्या दिवशीच आकडा चढलेला दिसला तर दिवस कमी करा, नंतरही उतरला नाही तर मीठ ओढलं जात नाहीये.

पहिले दोन-तीन महिने पाइपमधला जुना थर सुटून येतो आणि नळांच्या जाळ्या वारंवार भरतात. यंत्र बिघडलंय असं वाटून आम्ही माणूस बोलावला होता. जाळ्या काढून झटकायच्या, एवढंच करायचं असतं.